शेवटचे वीस मीटर

औशातील शाळेच्या मैदानावर शर्यत पाहताना आपल्याला वाटते, की शेवटी पुढे निघालेल्या मुलाने वेग वाढवला. खरे तर तो इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो.

दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत (१९५१) मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० मीटर १०.८ सेकंदांत जिंकले. म्हणजे सेकंदाला ९.३ मीटर. पण ही सरासरी झाली. उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमात (२००९) ६० ते ८० मीटरला १.६१ सेकंद लागले, शेवटच्या वीस मीटरला १.६६!

याचे एक कारण स्नायूंत आहे. झटपट ऊर्जा देणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा काही सेकंदांतच उतरतो. भरायला मात्र काही मिनिटे लागतात. त्याआधीच पुन्हा पळवले, तर मुले हळू पळण्याचाच सराव करतात. म्हणून तीस-चाळीस मीटर पूर्ण वेगाने पळावे, मग तीन-चार मिनिटे विसावा घ्यावा. स्पर्धेच्या आठवड्यात फेऱ्या कमी कराव्यात, वेग नव्हे. आदल्या दिवशी दमवलेले मूल उद्याची शर्यत आजच हरते.

आम्ही एक प्रयोग सुचवतो. दर वीस मीटरला फक्कीची रेघ आखा, प्रत्येक रेघेवर घड्याळ घेतलेला विद्यार्थी उभा करा. इशाऱ्याला सर्व घड्याळे सुरू करा; धावपटू रेघ ओलांडताच त्या रेघेवरचे थांबवा. वजाबाकी करून आलेख काढा. वेग नेमका कुठे उतरतो, ते मुलांनाच दिसेल.