चलच्चित्रपाठांतील साहित्याचा सामायिक उपयोग

एकदा काढलेले चित्र पुन्हा उपयोगात आणणे ही चलच्चित्रकारांची जुनी रीत होय. जपानमध्ये १९६३ साली ओसामू तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ मालिकेचा भाग दर आठवड्यास दूरचित्रवाणीवर दाखवावयाचा असे. इतकी चित्रे नव्याने काढणे अशक्य असल्याने त्यांच्या संस्थेने पात्रांच्या हालचालींची चित्रे जपून ठेवून ती पुढील भागांत फिरवून वापरली. या संग्रहास तेथे ‘बँक’ असेच म्हणत, व ते नाव यथार्थ आहे. ठेव ठेवली तरच ती काढता येते.

संगणकावर पाठ तयार करणाऱ्या प्राथमिक शिक्षकाची अडचण याच जातीची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबने २००७ साली सर्वांस खुली केलेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली पुष्कळांस परिचित आहे. तीत प्रत्येक पाठ हा स्वतंत्र प्रकल्प असतो. एका प्रकल्पात मोठ्या कष्टाने रेखाटलेला मोर दुसऱ्या प्रकल्पात आपोआप येत नाही, व तो पुन्हा काढण्यात रविवार खर्ची पडतो.

महाजालावर खाते उघडून काम करणाऱ्यांस पडद्याच्या तळाशी ‘बॅकपॅक’ नावाची पिशवी मिळते. तीत पात्र, चित्र, ध्वनी वा सूचनांचा गट ओढून टाकावा आणि दुसऱ्या प्रकल्पात बाहेर काढावा. संगणकावर उतरवून घेतलेल्या आवृत्तीत ही पिशवी नाही. जेथे जोडणी बेभरवशाची आहे तेथे दुसरा मार्ग धरावा. पात्राच्या लहान चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून ‘एक्स्पोर्ट’ निवडले असता त्या पात्राची सर्व रूपे, ध्वनी व सूचना यांसह एक फाइल तयार होते. ती पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या शाळेसही देता येते. मात्र सूचनांत दुसऱ्या पात्राकडून येणाऱ्या संदेशाची वाट पाहावयास सांगितले असेल, तर नव्या प्रकल्पात तो संदेश पाठविणारा कोणी नसल्याने आपला मोर गप्प उभा राहील. दोष फाइलीत नसतो. शिक्षक मात्र तासभर तोच शोधीत बसतात.

येथे जे नेले जाते ती प्रत असते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मूळ प्रकल्पात सुधारणा केली तरी आधी नेलेल्या प्रती जशाच्या तशा राहतात. समजा, ‘च’ या अक्षराचा ध्वनी ‘चमचा’ शब्दातील उच्चाराप्रमाणे मुद्रित केला आणि अक्षर तेच म्हणून तो ‘चंद्र’ शब्दाच्या पाठातही घातला. मराठीत या दोन शब्दांतील ‘च’ एक नव्हे. तो पाठ दहा वर्गांत गेला तर चुकीचा उच्चार दहा ठिकाणी शिकविला जाईल, आणि तो प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलावा लागेल. यास्तव ध्वनीस नुसते ‘च’ असे नाव न देता ‘चमचा-च’, ‘चंद्र-च’ अशी नावे द्यावीत, आणि साहित्य वाटण्यापूर्वीच सहकाऱ्याकडून ऐकवून घ्यावे.

‘ब्लेंडर’ या मोफत प्रणालीत याहून निराळी सोय आहे. तेथे ‘अपेंड’ केल्यास प्रत येते, तर ‘लिंक’ केल्यास केवळ मूळ फाइलीकडे बोट दाखविले जाते. दुसऱ्या प्रकारात मूळ एकदा दुरुस्त केले की ते वापरणाऱ्या सर्व पाठांत, ते पुन्हा उघडताच, दुरुस्ती दिसते. परंतु मूळ फाइल हलविली वा तिचे नाव बदलले की पाठातून ती वस्तूच नाहीशी होते. एकाच संगणकावर काम असेल तर दुवा बरा. पाठ परगावी धाडावयाचा असेल तर प्रतच अधिक भरवशाची, असे आमचे मत आहे.

देवनागरी मजकुराविषयीही सावधगिरी हवी. स्क्रॅचमधील चित्रात लिहिलेला मराठी शब्द त्या त्या संगणकावरील टंकानुसार दिसतो. सबब एका यंत्रावर सुबक दिसणारे जोडाक्षर दुसऱ्यावर वेगळ्या वळणाचे अथवा चौकटीबाहेर गेलेले आढळते. अक्षरओळखीच्या पाठात हे चालणार नाही. असा शब्द बिटमॅप चित्रात रूपांतरित करून मगच पुढे द्यावा. तो फार मोठा केल्यास कडा खरबरीत दिसतात, म्हणून प्रथमच मोठ्या आकारात लिहावा.

स्क्रॅचच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केलेला प्रकल्प इतरांस फेरफार करून वापरता येतो. अट एवढीच की मूळ कर्त्याचे नाव द्यावे आणि नवी कृतीही त्याच अटींवर खुली ठेवावी. विद्यार्थ्यांचे आवाज व नावे असलेले पात्र तेथे ठेवण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, किंवा तो ध्वनी काढून टाकावा. आपसांत पेनड्राइव्हवर साहित्य देतानाही चित्र कोणी काढले, आवाज कोणाचा व शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस झाली, हे सोबतच्या साध्या मजकूर-फाइलीत नोंदवावे.