पत्त्याचे पृथक्करण

वाक्यातील उद्देश्य कोणते व विधेय कोणते, हे ओळखून आपण वाक्यपृथक्करण करतो. ई-मेलच्या पत्त्याचेही असेच पृथक्करण करता येते. पत्र पाठवताना संगणक ते प्रत्येक वेळी करीत असतो.

एक काल्पनिक पत्ता पाहू. असे पत्ते बहुधा रोमन लिपीत असतात. येथे समजण्याच्या सोयीसाठी तो देवनागरीत लिहिला आहे.

सविता जोशी <सविता@उदाहरण.भारत>

या पत्त्याचे तीन भाग आहेत. टोकदार कंसाबाहेरील ‘सविता जोशी’ हे नाव केवळ वाचणाऱ्यासाठी असते. ते गाळले तरी पत्र पोहोचते. कंसातील @ या चिन्हाच्या डावीकडे पत्रपेटीचे नाव असते. उजवीकडे, ती पेटी जेथे आहे त्या स्थानाचे नाव असते. त्याला ‘डोमेन’ म्हणतात. @ या चिन्हाचा उच्चार ‘ॲट’ असा करतात. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दाखवण्यासाठी या चिन्हाची निवड केली.

अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेत १९७९ मध्ये ‘एमएच’ ही पत्रव्यवहाराची संगणकप्रणाली तयार होऊ लागली. पुढे तिच्यातून ‘एनएमएच’ निर्माण झाली. एकेक काम करणारे लहान लहान प्रोग्रॅम, हे तिचे वैशिष्ट्य होय. त्यांपैकी ‘एपी’ हा प्रोग्रॅम फक्त पत्त्यांचे पृथक्करण करतो. येथे चित्रे किंवा बटणे नसतात. ‘एपी’ ही आज्ञा टंकून तिच्यापुढे पत्ता लिहावा लागतो. स्वल्पविराम देऊन अनेक पत्तेही लिहिता येतात. पत्ता नियमानुसार असेल, तर तो प्रमाण स्वरूपात पडद्यावर उमटतो. टोकदार कंस बंद करायचा राहिला असेल, तर चुकीची सूचना मिळते. सांगितल्यास केवळ नाव, केवळ पेटी किंवा केवळ डोमेन एवढेच वेगळे काढूनही मिळते.

मात्र या तपासणीला एक मर्यादा आहे. ‘सूर्य पश्चिमेला उगवतो’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध आहे, पण खरे नाही. पत्त्याचेही तसेच आहे. ‘सविता’ऐवजी ‘सरिता’ असे टंकले गेले, तरी पत्त्याची रचना निर्दोषच राहते. प्रोग्रॅमला त्यात काहीही वावगे दिसत नाही. त्या नावाची पेटी नसेल, तर पत्र बहुधा परत येते. पण ती पेटी अस्तित्वात असेल, तर आपले पत्र कोणा अनोळखी व्यक्तीच्या हाती पडते. टपालाच्या पाकिटावर एखादे अक्षर चुकले, तर पोस्टमन गावातील ओळखीवरून घर शोधून काढू शकतो. संगणकाला अशी ओळख नसते.

म्हणूनच प्रवेशअर्ज किंवा नोकरीचा अर्ज भरताना ई-मेलचा पत्ता अक्षर अक्षर उच्चारून वाचावा. मध्ये मोकळी जागा राहिलेली नाही ना, टिंब योग्य ठिकाणी आहे ना, हे पाहावे. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला असेल, तर ही काळजी अधिकच आवश्यक आहे. शक्य असल्यास अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर आधी एक पत्र पाठवून ते आपल्या पेटीत येते का, याची खात्री करावी. पत्त्याची रचना संगणक तपासतो. तो पत्ता आपलाच आहे, हे आपणच तपासायचे असते.