दोन इंच मोठी कुंडी

पावसाळ्यात वाईच्या आसपासच्या गावांतून हिंडलं, की शेताशेतांत स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिका दिसतात. परदेशातून आणलेली मातृरोपं जूनच्या सुमारास गादीवाफ्यांवर लागतात. त्यांना रनर, म्हणजे जमिनीवर सरपटणारे लांब देठ, फुटतात आणि रनरच्या टोकाची कोवळी पिलं मातीनं भरलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रुजवली जातात. हे काम खाली वाईकडे होतं, कारण वर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्या माऱ्यात कोवळं रोप टिकत नाही. वाईचा पाऊस त्याच्या मानानं फारच थोडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुळं धरलेली रोपं पसरणीचा घाट चढून पाचगणी, भिलार, महाबळेश्वरला जातात. रोप पिशवीतून कधी काढायचं, हे रोपवाटिकेत मुळं पाहून ठरतं. घाईनं काढलं तर मातीचा गोळा हातात फुटतो. फार दिवस ठेवलं तर मुळं पिशवीच्या कडेनं गोल फिरू लागतात.

वाईच्या गंगापुरीतल्या गॅलरीत मोगरा असो की गणपती आळीतल्या अंगणात कढीपत्ता, कुंडी बदलायची वेळ हीच नजर सांगते. तळाच्या भोकातून मुळं डोकावू लागली, की पहिली खूण मिळाली. दुसरी खूण पाण्याची. घातलेलं पाणी न थांबता खालून निघून जातं आणि सकाळी भिजवलेलं झाड दुपारीच मान टाकतं. आत माती कमी आणि मुळं जास्त झाली आहेत. नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान येऊ लागली, तीही तीच गोष्ट. शंका असेल तर झाड कुंडीतून हलकेच उपसून पाहावं. पांढरट मुळांची जाळी सगळीकडून दिसली तर बदला. नुसती मातीच दिसली तर परत ठेवून द्या.

वाईच्या हवेत यासाठी सगळ्यात चांगला काळ मृगाचा पाऊस पडून गेल्यावरचा. आभाळ भरलेलं, हवेत ओल, पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे दुखावलेल्या मुळांवर ताण येत नाही. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, तुळस यांना हेच दिवस मानवतात. गुलाबाची ऑक्टोबरात छाटणी होते, तेव्हाच त्याची कुंडी बदलावी. मोगऱ्याचं काम फुलांचा हंगाम सुरू होण्याआधी, थंडी ओसरताना उरकावं. चाफ्याची पानं गळलेली असतात आणि नवी फुटायची असतात, तो फेब्रुवारी-मार्चचा काळ त्याला उत्तम. एप्रिल-मे मात्र टाळावा. त्या उन्हात झाड हलवणं म्हणजे त्याला विनाकारण आजारी पाडणं.

आता कुंडी केवढी घ्यायची? आधीच्यापेक्षा दोन इंच रुंद, लहान रोपाला तर एकच इंच. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. पुढे झाड मोठं होणारच आहे, मग आत्ताच मोठी कुंडी का नको, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर हिशेबात आहे. सहा इंची कुंडीतून आठ इंचीत गेलं तर माती सुमारे सव्वादोन पट होते. सहावरून थेट बारा इंचीत गेलं तर ती आठपट होते. मुळं मात्र तेवढीच असतात. मुळं पोहोचत नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा संपते. मुळांनाही श्वास लागतो. हवा संपली, की ती गुदमरतात आणि मग बुरशी त्यांचा ताबा घेते. वरून पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी घालतो.

तळाशी खडे किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. निचरा व्हावा हा तिचा हेतू, पण घडतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब झाल्यावरच ते खाली गळतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी नेहमी राहणारा चिखलाचा थर खड्यांमुळे उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवली, माती वाहून जाणार नाही एवढं पाहिलं, की पुरे. भोक मात्र हवंच. बाजारात मिळणाऱ्या सिमेंटच्या काही तुळशी वृंदावनांना ते नसतं. विकत घेतानाच पाहावं, नसेल तर पाडून घ्यावं. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली, की भोक मोकळं राहतं.

मातीबद्दल सविस्तर बोलायला हवं. कृष्णाकाठची काळी माती उसाला आणि हळदीला सोनं आहे, पण नुसती तीच कुंडीत भरली तर झाडाचे हाल होतात. ओली झाली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. डोंगरावरची तांबडी माती कुंडीला बरी, तिच्यात पाणी मुरतं आणि हवा खेळते. चार भाग तांबडी माती, तीन भाग पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस, आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, एवढं बहुतेक झाडांना चालतं. काळीच माती हाताशी असेल तर तिचा वाटा एक-दोन भागांवर आणावा आणि बाकी जाडसर वाळू व तूस घालावं. भुईंजला किसन वीर साखर कारखाना आहे. उसाच्या मळीचं खत या भागात मिळतं, तेही उत्तम. अट एकच, ते जुनं आणि थंड झालेलं असावं. कच्चं खत कुंडीत कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

काम उन्हं कलल्यावर करावं. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावं, म्हणजे गोळा अखंड सुटतो. नवी मातीची कुंडी असेल तर तासभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर तीच मिश्रणातलं पाणी शोषून घेते. बुंधा दोन बोटांच्या मध्ये धरून तळवा मातीवर टेकवावा, कुंडी उलटी करावी आणि तिचा काठ ओट्याच्या कडेवर हलकेच आपटावा. खोड धरून ओढू नये. पिशवी असेल तर ब्लेडनं उभी चिरून सोलावी. विकत आणलेलं रोप कधी कधी लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो तसाच लावला तर नव्या मातीतलं पाणी त्याच्या आत शिरत नाही. बादलीत भिजवून बाहेरचा थर बोटांनी हळूहळू सोडवून घ्यावा.

गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करावीत. फारच गुंतली असतील तर गोळ्याला बाजूनं तीन-चार उभे, उथळ छेद द्यावेत. हे करायला हात धजावत नाही, पण न केलं तर ती मुळं नव्या कुंडीतही गोलच फिरत राहतात आणि काही वर्षांनी खोडालाच आवळतात. छेदाजवळून नवी मुळं बाहेरच्या दिशेनं फुटतात. या सगळ्यात मुळं उघडी राहण्याचा वेळ मात्र कमीत कमी असावा. पाणी शोषणारी केशमुळं इतकी नाजूक असतात, की वाऱ्यावर काही मिनिटांत सुकतात.

रोप आधी ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर बसवावं. खोड पुरलं तर साल कुजते. टोमॅटोचं रोप याला अपवाद, त्याच्या पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. स्ट्रॉबेरीत तर सगळा खेळ या पातळीचा आहे: जिथून पानं फुटतात तो गड्डा मातीबरोबर राहावा लागतो, खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. चारी बाजूंनी माती बोटांनी सारावी, ठोकून दाबू नये. वर एक इंच काठ मोकळा ठेवावा आणि भोकातून निघेपर्यंत पाणी द्यावं. माती खचली तर थोडी भर घालावी.

पुढचा आठवडाभर झाड सावलीत ठेवावं. ते थोडं मलूल होणारच. माती ओली असताना पानं लोळली तर पाणी नको, सावली हवी. कळ्या असतील तर खुडाव्यात. खताला तीन-चार आठवडे हात लावू नये.

आणि जागाच नसेल, सगळ्यात मोठी कुंडी आधीच आलेली असेल, तर? तेव्हा झाड काढून गोळ्याच्या कडेची आणि तळाची इंच-दीड इंच मुळं धारदार सुरीनं कापावीत, त्याच कुंडीत नवी माती घालून ते परत बसवावं आणि वरच्या फांद्याही तेवढ्याच प्रमाणात छाटाव्यात. जास्वंद, लिंबू, कढीपत्ता दोन-तीन वर्षांतून एकदा हे केलं, की त्याच कुंडीत वर्षानुवर्षं राहतात.