मधल्या दराचं हॉटेल, मधलीच सोय? डिस्ने वर्ल्डबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेले आजी-आजोबा, नातवंडांची सुट्टी आणि फ्लोरिडातलं ऑरलँडो हा बेत बऱ्याच मराठी घरांत शिजतो. ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. सुमारे २५ हजार एकरांच्या या पसाऱ्यात चार थीम पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम) आहेत, दोन वॉटर पार्क आहेत आणि डिस्नेची स्वतःची वीसहून अधिक हॉटेलं आहेत. या हॉटेलांची ढोबळ वर्गवारी म्हणजे व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स. मधल्या, म्हणजे मॉडरेट वर्गात चार नावं येतात : कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज, पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइड आणि पोर्ट ऑर्लिन्स फ्रेंच क्वार्टर.

‘फार स्वस्त नको, फार महाग नको’ असा विचार करून घरातली मंडळी या चौघांकडे वळतात आणि त्यातलं कोणतंही एक ठरवून टाकतात. पण वर्गवारीतून कळतो तो दर. आपल्या घरातल्या माणसांची सोय होणार की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच पैसे भरण्याआधी काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : मॉडरेट हॉटेल व्हॅल्यूपेक्षा सगळ्याच बाबतीत सरस

वस्तुस्थिती : काही बाबतींत ते सरस आहे हे खरं. व्हॅल्यू हॉटेलांतली साधी खोली साधारण २६० चौरस फुटांची असते, मॉडरेटमधली तीनशेच्या थोडी वर. मॉडरेटच्या पोहण्याच्या मुख्य तलावाला घसरगुंडी असते, व्हॅल्यूच्या तलावांना नसते. मुलांच्या लेखी हा फरक मोठा आहे.

प्रवासाच्या सोयीत मात्र पारडं फिरतं. सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झालेला स्कायलायनर हा रोपवे एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज या दोन पार्कांना जोडतो. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या व्हॅल्यू हॉटेलांना त्याचं स्थानक आहे. मॉडरेटपैकी ते फक्त कॅरिबियन बीचला मिळालं आहे. बाकीच्या तिघांतून कोणत्याही पार्कात जायला बसच धरावी लागते. शिवाय आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये सहा जणांचे फॅमिली स्वीट आहेत. त्यात दोन बाथरूम आणि छोटं स्वयंपाकघर मिळतं. मॉडरेटच्या साध्या खोलीत ही सोय नाही.

गैरसमज २ : मोनोरेल दारातच मिळते, बस म्हणजे दुय्यम सोय

वस्तुस्थिती : मोनोरेलचं स्थानक कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन या तीन डिलक्स हॉटेलांपाशीच आहे. मॉडरेटच्या पाहुण्यांना ती दारात मिळत नाही.

पण म्हणून बसला कमी लेखायचं कारण नाही. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना दूरच्या वाहनतळावर गाडी लावून पुढं मोनोरेल किंवा फेरीबोट पकडावी लागते. हॉटेलची बस थेट पार्कच्या प्रवेशद्वाराजवळ सोडते. अ‍ॅनिमल किंगडमला तर मोनोरेलही जात नाही आणि स्कायलायनरही नाही. तिथं डिलक्सचा पाहुणासुद्धा बसनंच जातो. स्कायलायनरला वातानुकूलन नाही आणि विजा कडाडू लागल्या की तो बंद ठेवतात. फ्लोरिडातल्या उन्हाळी दुपारी ही वेळ वारंवार येते.

गैरसमज ३ : रिसॉर्ट जितकं मोठं, तितकं उत्तम

वस्तुस्थिती : आजी-आजोबा किंवा बाबागाडीतलं मूल बरोबर असेल, तर हा मुद्दा सर्वांत आधी पाहावा. चारही मॉडरेट हॉटेलं एकाच इमारतीत मावणारी नाहीत. तळ्याकाठी, कालव्याकाठी पसरलेल्या त्या वसाहती आहेत.

रिव्हरसाइडमध्ये दोन हजारांवर खोल्या आणि चार बसथांबे आहेत. शेजारच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये सुमारे हजार खोल्या आणि एकच थांबा आहे. फ्रेंच क्वार्टरमधून निघालेली बस हॉटेलच्या आवारात घिरट्या घालत नाही, आणि खोलीपासून खाण्याच्या जागेपर्यंतचं अंतरही थोडं असतं. कॅरिबियन बीच तळ्याभोवती पसरलेलं आहे. तिथं लांबच्या इमारतीत खोली मिळाली, तर दिवसभर पार्कात पाय दमवून आल्यावर पुन्हा बरंच चालावं लागतं. मुख्य सोयींजवळची ‘प्रिफर्ड’ खोली जादा पैसे भरून घेता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो खर्च चैनीचा नाही. कोरोनाडो स्प्रिंग्जला २०१९मध्ये ग्रान डेस्टिनो हा पंधरा मजली मनोरा जोडला गेला. तिथं लिफ्टनं उतरलं की लॉबी लागते. मात्र हे हॉटेल परिषदांसाठीही वापरलं जातं, त्यामुळं तिथं कामानिमित्त आलेल्या पाहुण्यांचीही वर्दळ असते.

गैरसमज ४ : चौघांच्या खोलीत पाचवा माणूस सामावून जाईल

वस्तुस्थिती : आपल्याकडं खाली गादी टाकली की प्रश्न मिटतो. तिथं खोलीत किती माणसं राहू शकतात हे ठरलेलं असतं आणि प्रत्येकाचं नाव आरक्षणात द्यावं लागतं. मॉडरेटची साधी खोली साधारणपणे चौघांची असते. पाळण्यात झोपणारं तीन वर्षांखालचं एक मूल त्याशिवाय चालतं. रिव्हरसाइडच्या अ‍ॅलिगेटर बायू भागातल्या खोल्यांत पाचव्यासाठी खाली ओढून उघडायचा पलंग मिळतो, पण तो लहान मुलाच्याच मापाचा आहे.

आणखी एक गोष्ट आरक्षणाच्या वेळी अनेकांच्या ध्यानात येत नाही. खोलीचा दर दोन प्रौढांना धरून असतो. अठरा वर्षांवरच्या तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचे दर रात्रीचे जादा पैसे लागतात. मुलगा, सून आणि आई-वडील अशा चौघांसाठी एक खोली घेताना हा हिशेब आधीच मांडावा.

गैरसमज ५ : डिस्नेच्या हॉटेलात राहिलं की रांगा टळतात

वस्तुस्थिती : रांगा टळत नाहीत, थोडी आघाडी मिळते. डिस्नेच्या हॉटेलांतल्या सर्व पाहुण्यांना रोज कोणत्याही पार्कात सर्वसाधारण वेळेच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. ही सवलत व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्सला सारखीच आहे. ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यानंतर आत थांबण्याची मुभा मात्र डिलक्स वर्गाला आहे, मॉडरेटला नाही.

रांग लहान करणाऱ्या ‘लायटनिंग लेन’चे पैसे वेगळे मोजावे लागतात. तिथं हॉटेलच्या पाहुण्यांना फायदा आहे तो वेळेचा : त्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी निवड करता येते, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. अर्ध्या तासाचा लाभही पहाटे उठणाऱ्या घरालाच मिळतो. दहा वाजता नाश्ता करून निघणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही.

गैरसमज ६ : दिसणारा दर हाच एकूण खर्च

वस्तुस्थिती : या भागात खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के कर बसतो. पार्कची तिकिटं वेगळी. त्यात तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तीन ते नऊ वयाला मुलांचं तिकीट आणि दहाव्या वर्षापासून प्रौढाचं. दुसऱ्या बाजूनं, ऑरलँडोतली बाहेरची अनेक हॉटेलं ‘रिसॉर्ट फी’ लावतात, तशी डिस्नेची स्वतःची हॉटेलं लावत नाहीत. २०२३पासून पाहुण्यांना गाडी रात्रभर उभी करायचे पैसेही पडत नाहीत.

विमानतळावरून हॉटेलात फुकट नेणारी डिस्नेची बस २०२२च्या सुरुवातीला बंद झाली. जुन्या अनुभवावर विसंबून बेत आखणाऱ्यांनी टॅक्सीचे किंवा सशुल्क बसचे पैसे बाजूला ठेवावेत.

गैरसमज ७ : शाकाहारी माणसाची उपासमार होते

वस्तुस्थिती : २०१९पासून डिस्ने वर्ल्डच्या खाण्याच्या जागांमध्ये वनस्पतिजन्य पदार्थ वाढवले गेले आणि मेनूवर ते पानाच्या खुणेनं दाखवले जातात. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या ‘साना’ या रेस्टॉरंटात नान, कुलचा आणि पनीर पराठा चटण्यांसह मिळतो. ते हॉटेल डिलक्स असलं, तरी रेस्टॉरंट सर्वांना खुलं आहे, आणि साठ दिवस आधी टेबल राखता येतं. फ्रेंच क्वार्टरमध्ये बसून ऑर्डर द्यायचं रेस्टॉरंट नाही, त्यासाठी शेजारच्या रिव्हरसाइडला जावं लागतं.

मग कुणी काय निवडावं? आई-वडील आणि दोन मुलं असतील, चालणं कमी हवं असेल, तर फ्रेंच क्वार्टर. तिसरं मूल लहान असेल, तर रिव्हरसाइडची पाच जणांची खोली. एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला दोन-दोन दिवस द्यायचे असतील, तर स्कायलायनरजवळचं कॅरिबियन बीच. आणि आजी-आजोबांसह सहा जण एकत्र राहणार असतील, तर मॉडरेटच्या दोन खोल्या आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा एक स्वीट, यांचे त्याच तारखांचे दर कर धरून शेजारी शेजारी मांडावेत. दोन खोल्यांत पलंग जास्त मिळतात, स्वीटमध्ये आजीला नातवंडांबरोबर एका छताखाली राहता येतं आणि सकाळचा चहाही करता येतो.