हे पॅकेज आले कुणामुळे?

जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात आपण मोजकीच पॅकेजे मागवतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. तरी ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये कित्येकदा शेकडो पॅकेजे दिसतात. मागवलेल्या पॅकेजांनाही इतर पॅकेजे लागतात. एखादे पॅकेज ज्यावाचून चालत नाही, ती त्याची डिपेंडन्सी.

समजा, सुरक्षा तपासणीत कळले की ‘मिनिमिस्ट’ या पॅकेजाची १.२.५ ही आवृत्ती सदोष आहे आणि दोष १.२.६ मध्ये दुरुस्त झाला आहे. आपण तर मिनिमिस्ट मागवलेच नव्हते!

आधी ‘पॅकेज डॉट जेसन’ ही फाइल उघडा. आपण स्वतः मागवलेल्या पॅकेजांची यादी तिथे असते. तिथे नाव सापडले, तर बहुधा शोध संपला.

नाही सापडले, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम एक्सप्लेन मिनिमिस्ट’ ही आज्ञा द्या. ‘एक्सप्लेन’ऐवजी ‘व्हाय’ लिहिले तरी चालते. एनपीएम, म्हणजे पॅकेजे मागवण्याचे साधन; त्याच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. त्याआधीची असेल तर ‘एनपीएम एलएस मिनिमिस्ट’ वापरा.

बहुतेकांचा गोंधळ होतो तो उत्तर वाचताना. ‘एलएस’ आपल्या प्रकल्पापासून खाली उतरते, तर ‘एक्सप्लेन’ उलट चालते. त्यात पहिल्या ओळीवर मिनिमिस्ट, खाली त्याला मागणारे पॅकेज, समजा ‘एमकेडीआयआरपी’, त्याखाली त्यालाही मागणारे पॅकेज, असे करत शेवटी ‘रूट प्रोजेक्ट’, म्हणजे आपला प्रकल्प. या शेवटच्या टप्प्यावर ज्याचे नाव आहे, ते पॅकेज आपण आणले आहे. एकाच पॅकेजाच्या दोन-तीन आवृत्त्याही नांदत असतात, म्हणून उत्तर शेवटपर्यंत वाचा.

आता मिनिमिस्ट मागणाऱ्या पॅकेजाला त्याची कोणती आवृत्ती हवी आहे ते पाहा. ^१.२.५ असे लिहिले असेल, तर १.२.६ चालते. जुनी आवृत्ती केवळ लॉक फाइलने, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदवहीने, धरून ठेवलेली असते. ‘एनपीएम अपडेट मिनिमिस्ट’ एवढे पुरते. मागणीतच जुनी आवृत्ती पक्की असेल, तर ती मागणारे पॅकेज अद्ययावत करावे लागते. तेही जमत नसेल तरच पॅकेज डॉट जेसनमधल्या ‘ओव्हरराइड्स’ या नोंदीने आवृत्ती लादावी, आणि मग सगळ्या चाचण्या चालवाव्यात.

घाईत काही जण मिनिमिस्ट ‘अनइन्स्टॉल’ करू पाहतात. ते आपल्या यादीतच नसल्याने आणि दुसऱ्याला हवे असल्याने जागचे हलत नाही. फोल्डर पुसून पुन्हा इन्स्टॉल केले, तरी लॉक फाइल तीच आवृत्ती परत आणते. काही जण ते थेट आपल्या यादीत घालतात. त्याने एक विनाकारण नोंद वाढते, आणि कुणी जुनीच आवृत्ती मागत असेल तर तिची प्रत आत तशीच राहते.

हा शोध क्षुल्लक नाही. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजात ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाची नवी डिपेंडन्सी शिरली. तिच्यातला छुपा कोड ‘कोपे’ या बिटकॉइन पाकिटावर डोळा ठेवून होता. म्हणून लॉक फाइलमध्ये अनोळखी नाव आले, की बदल स्वीकारण्याआधी त्या नावाने ‘एनपीएम एक्सप्लेन’ एकदा चालवाच.