शैलीपत्रक-भाषा आणि दैनंदिन छपाई : रे रोड परिसरातील मालाच्या कागदपत्रांच्या संदर्भात

प्रास्ताविक

मुंबईचे गव्हर्नर (१८८५-१८९०) लॉर्ड रे यांचे नाव धारण करणारे रे रोड स्थानक १९१० मध्ये हार्बर मार्गावर सुरू झाले. स्थानकाच्या पूर्वेस दारुखाना, जहाजतोडणीचा आणि जुन्या लोखंडाचा बाजार, भोवताली गोदामे. अशा ठिकाणी माल हलतो तो कागदावर. बीजक, चलन, भरणीची चिठ्ठी, नगावरचे लेबल ही छपाई ग्रंथनिर्मितीच्या चर्चेत सहसा येत नाही. एक्सएमएलच्या शैलीपत्रक-भाषांचा विचारही बहुधा संकेतस्थळे आणि जाडजूड तांत्रिक पुस्तिका यांच्यापुरताच केला जातो. प्रस्तुत लेखात या भाषांचा या सामान्य कागदांसाठी होणारा उपयोग स्पष्ट केला आहे.

दोन भाषा, दोन कामे

एक्सएमएलमध्ये माहिती केवळ तिच्या अर्थानुसार नोंदविली जाते : हा माल, हे वजन, हा दर. ती कशी दिसावी हे त्यात नसते. एक्सएसएलटी ही भाषा (पहिली शिफारस १९९९) या माहितीची निवड, क्रम आणि रूपांतर ठरविते; एक्सएसएल-एफओ (२००१) कागदाचा आकार, समास आणि रकाने यांचे वर्णन करते. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्या नोंदी एक्सएमएलमध्ये बाहेर देऊ शकते. त्यामुळे कच्चा माल दुकानातच उपलब्ध असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

एक नोंद, चार कागद

केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ४८ नुसार मालाचे बीजक तीन प्रतींत करावे लागते : मूळ प्रत घेणाऱ्यासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी, तिसरी पुरवठादारासाठी. (ई-बीजक करणाऱ्यांना ही अट नाही; परंतु १ ऑगस्ट २०२३ पासून ई-बीजकाची सक्ती ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीसाठी आहे. लहान व्यापारी त्यात येत नाहीत.) शैलीपत्रकात एकच साचा तीनदा चालवून प्रत्येक वेळी फक्त शीर्षक बदलता येते. कार्बन कागद नको, प्रतीवर शिक्का मारण्यात होणारी चूकही नको.

अधिक महत्त्वाचा आहे तो चौथा कागद, म्हणजे भरणीची चिठ्ठी. माल गाडीत चढविणारी टोळी आणि तिचा मुकादम यांना मालाचा दर किंवा गिऱ्हाइकाचा कर क्रमांक यांच्याशी कर्तव्य नसते. त्यांना नग, वजन आणि गाडी क्रमांक हवा असतो, आणि तोही मराठीत. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ अन्वये नोंदीत कामगारांची मजुरी मंडळामार्फत दिली जाते. मजुरी वजनावर ठरत असेल, तर ज्या कागदावर मुकादम सही करतो त्यावरील आकडा त्याला स्वतःला वाचता येणे ही केवळ सोय नव्हे, तो त्याच्या हिशेबाचा आधार आहे. ही चिठ्ठी पुन्हा हाताने लिहिली की बीजकातील आणि चिठ्ठीतील वजन वेगळे होण्यास वाव राहतो. दोन्ही कागद एकाच नोंदीतून निघाल्यास तो वाव उरत नाही. मूळ वजन खोटे असेल तर मात्र शैलीपत्रक काहीच करू शकत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मराठीच्या अडचणी

संख्येसाठी एक्सएसएलटीमध्ये शून्याचे चिन्ह '०' असे घोषित केले की पुढील सर्व अंक देवनागरीत येतात. स्वल्पविराम मात्र पहिल्या आवृत्तीत त्रास देतात : तेथे गट समान आकाराचे असतात, म्हणून १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असे छापले जाते. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत असमान गट चालतात आणि लाख-कोटींची रीत सांभाळली जाते.

अक्षरी रकमेचे काम अधिक कष्टाचे आहे. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे पुरतात. मराठीत एकोणतीस, त्रेचाळीस, त्र्याण्णव यांची रूपे जोडून तयार करता येत नाहीत. नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक शब्द वेगळ्या तक्त्यात ठेवून तेथून उचलावा लागतो. शिवाय नेमके शंभर असेल तर 'शंभर', पुढे मात्र 'एकशे एक'. असा तक्ता एकदा नीट केला की तो कोणत्याही दुकानाला चालतो. एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक आणि मराठी विभागांनी मिळून करावे असे हे काम आहे.

हजेरीची यादी लावतानाही असाच प्रश्न येतो. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास 'काळे' हे 'कावळे' च्या आधी येतात. क्रम लावताना मराठीचे नियम लागू करण्याची सूचना देता येते. पण ती पाळली जाते की नाही हे वापरलेल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते, म्हणून यादी तपासून पाहावी.

सर्वांत जुनी अडचण अक्षरजुळणीची. एफओवरून पीडीएफ करणाऱ्या अपाचे एफओपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय २०१२ च्या १.१ आवृत्तीत आली. त्यापूर्वी 'क्विंटल' मधील जोडाक्षर सुटे होई आणि वेलांटी अक्षराच्या पुढे पडे. बिगर-युनिकोड जुन्या फाँटांत अक्षरे दिसत बरोबर, पण त्या मजकुराचा क्रम लावणे किंवा शोध घेणे व्यर्थ होते.

आज लहान दुकानासाठी सोपा मार्ग म्हणजे एक्सएसएलटीने एचटीएमएल तयार करून ब्राउझरमधून छापणे. देवनागरीची जुळणी ब्राउझर करतो. गूगलने २०२५ मध्ये क्रोममधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला असल्याने रूपांतर ब्राउझरवर न सोपविता एक्सएसएलटीप्रॉक किंवा सॅक्सन यांसारख्या साधनाने आधीच करून घ्यावे. नगांवर चिकटविण्याच्या लेबलांसाठीही हेच पुरते : एका ए-४ कागदावर तीन रकाने, आणि नोंदीच्या क्रमांकाला तीनने भागून उरणाऱ्या बाकीवरून प्रत्येक लेबलाची जागा.