बार छोटा, मजा मोठी

२ जुलै १८६०. लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा सुरू व्हायची होती आणि पहिला बार काढायचा मान होता खुद्द व्हिक्टोरिया राणीचा. राणीच्या खांद्याला धक्का बसू नये म्हणून जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपली रायफल आधीच एका भक्कम बैठकीवर आवळून ठेवली, ४०० यार्डांवरचा नेम धरून ठेवला आणि ट्रिगरला रेशमी दोरी बांधली. राणीने दोरी ओढली. गोळी निशाणाच्या मध्यापासून सव्वा इंचावर बसली! या रायफलची नळी आतून गोल नव्हती, षटकोनी होती आणि तिच्या अचूकपणाचं तेच तर गुपित होतं.

राणीच्या या प्रसंगात एक गोष्ट मला फार पटते. धक्का काढून टाकला की बंदुकीत उरतो तो निव्वळ नेम. रेंजवर वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसांना विचारा, सगळ्यात मजा कुठल्या बंदुकीत आली? कान बधिर करणाऱ्या, खांदा काळानिळा करणाऱ्या बंदुकांचे किस्से ते रंगवून सांगतील, पण पुन्हा पुन्हा हातात घ्यावीशी वाटते ती बंदूक बहुधा छोटीच निघते.

पॉइंट टू-टूचं राज्य

अशा छोट्या बंदुकांचा राजा म्हणजे आपल्याकडे रेंजवर ज्याला सगळे ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात तो प्रकार. त्याचं सर्वांत लाडकं काडतूस, .२२ लाँग रायफल, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणलं आणि आज जगात त्याच्याइतकं दुसरं कुठलंच काडतूस बनत नाही. गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम. धक्का जवळजवळ नाहीच.

धक्का नसण्याचं महत्त्व मोठी रायफल चालवून बघितल्यावर कळतं. मोठा बार होणार हे शरीराला माहीत असतं, त्यामुळे ते आधीच घाबरतं. डोळे मिटतात, खांदा आखडतो, ट्रिगर हळूच दाबायच्या ऐवजी हिसका बसतो आणि गोळी भलतीकडे जाते. पॉइंट टू-टूमध्ये शरीराला घाबरायला कारणच उरत नाही. भोक दहाच्या वर्तुळात पडलं तर ते तुमचं आणि आठच्या वर्तुळात गेलं तरी तुमचंच. मी पहिल्यांदा ही रायफल हातात घेतली तेव्हा कागदावरचं भोक बघायला इतकी घाई झाली होती की प्रशिक्षकांनी खांद्यावर हात ठेवून मला जागेवर थांबवलं.

या काडतुसाची आणखी एक गंमत. त्याचं स्फोटक बुडाच्या मध्यभागी नसतं, कडेच्या पोकळ घडीत भरलेलं असतं. घोडा पडतो तो त्या कडेवर. कड चेपली की काडतूस संपलं, पुन्हा भरता येत नाही. पण किंमत इतकी कमी की त्याची खंत कोण करतो? अमेरिकेत रुगर कंपनीने १९६४ मध्ये ‘१०/२२’ नावाची साधीसुधी रायफल काढली. दहा गोळ्यांची गोल फिरकीची मॅगझिन, आणि ती रायफलच्या पोटात अशी लपते की बाहेरून दिसत नाही. अशा ७० लाखांहून जास्त रायफली आजवर विकल्या गेल्या आहेत.

पवनचक्कीवर बंदूक फुकट

छोट्या बारापेक्षाही छोटा बार म्हणजे हवेचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लिमथ गावी लोखंडी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. १८८० च्या दशकात धंदा मंदावला, तेव्हा पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला छर्रे उडवणारी हवेची बंदूक भेट द्यायची टूम निघाली. लोकांना पवनचक्कीपेक्षा बंदूकच जास्त आवडली! १८९५ मध्ये कंपनीने आपलं नावच त्या बंदुकीवरून ‘डेझी’ करून टाकलं. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांनी पहिला नेम धरला तो डेझीवर.

हवेच्या बंदुकीला खेळणं समजणाऱ्यांनी मात्र जिरांदोनी यांचं नाव ऐकायला हवं. बार्तोलोमेओ जिरांदोनी यांनी १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी हवेची रायफल बनवली. ज्या काळात बाकीचे सैनिक प्रत्येक बारानंतर दारू ठासत उभे राहायचे, त्या काळात या रायफलीत वीसेक गोळ्या एकदम भरता यायच्या. धूर नाही, आवाजही कमी. हवा साठवायची टाकी म्हणजेच रायफलचा दस्ता, आणि ती हातपंपाने भरायला सुमारे १५०० दाब द्यावे लागत. ल्युइस आणि क्लार्क ही जोडगोळी १८०४ मध्ये अमेरिका खंड पार करायला निघाली, तेव्हा हवेची एक रायफल सोबत होती. वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासी टोळ्यांसमोर तिचं प्रात्यक्षिक व्हायचं आणि लोक तोंडात बोट घालायचे.

आणि आपली जत्रेतली फुग्यांची बंदूक? तिला मी मुळीच खालचा मान देणार नाही. महाराष्ट्रात बहुतेकांच्या हाती आयुष्यातली पहिली बंदूक येते ती तिथेच. फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा, शेजारी दोऱ्याला टांगलेली नाणी, एखादी पेटती मेणबत्ती. दुकानदार नळी मोडून स्प्रिंग दाबतो, छर्रा घालतो आणि बंदूक हातात देतो. आता आतली गोष्ट ऐका. ट्रिगर दाबला की आतला दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हलते. आपण ती जितकी घट्ट आवळू तितकं ते हलणं दर वेळी वेगळं होतं. म्हणून ती सैल हातात, नुसती टेकवल्यासारखी धरायची आणि दर वेळी अगदी तशीच धरायची. पोरं दात-ओठ खाऊन बंदूक आवळतात आणि फुगा हलतसुद्धा नाही!

फुटलं पाहिजे!

कागदाला भोक पडणं छान, पण हवेतली वस्तू फुटणं काही औरच. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी जिवंत कबुतरं सोडत. १९०० मध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळी झालेल्या अशाच स्पर्धेत सुमारे ३०० पक्षी मारले गेले. ऑलिंपिकमध्ये पुन्हा ते कधी झालं नाही, हे फारच बरं झालं. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या. ॲडम बोगार्डस या अमेरिकन नेमबाजाने काचेचे गोळे उडवायचं यंत्र चालवलं. काही गोळ्यांमध्ये पिसं भरलेली असत, म्हणजे गोळा फुटला की हवेत पिसं उधळायची. मग १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजक्या मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं आणि खेळाचं रूपच बदललं. आजची तबकडी डांबर आणि चुनखडीची, ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅमची. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत तिच्यात रंगीत पूड भरतात. नेम बसला की आकाशात गुलाल उधळल्यासारखा रंग!

तबकडीच्या ट्रॅप या प्रकारात ती सोडायला हल्ली बटण दाबावं लागत नाही. नेमबाजासमोरचा मायक्रोफोन त्याची हाक ऐकतो आणि यंत्र तबकडी फेकतं. हाक कुठल्याही भाषेत, कुठल्याही आवाजात चालते. कोणी भुंकल्यासारखं ओरडतं, कोणी नुसतं ‘हॅ’ म्हणतं.

तबकडीच्याच स्कीट या प्रकारात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळत होते. चीनच्या झांग शान हिने पहिल्या २०० तबकड्यांपैकी २०० फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांची झाली. स्त्रियांची स्वतंत्र स्कीट यायला सिडनी, २००० उजाडावं लागलं. झांग शानला आपलं विजेतेपद राखायची संधीच मिळाली नाही, याची मला आजही चीड येते.

काचेचे गोळे म्हटलं की ॲनी ओकलीचं नाव घ्यायलाच हवं. ओहायोतली, उंची जेमतेम पाच फूट. बफेलो बिल या कलाकाराच्या फिरत्या खेळात ती असे गोळे फोडायची आणि कडेने धरलेला खेळायचा पत्ता तीस पावलांवरून चिरायची. लाकोटा टोळीचा सरदार सिटिंग बुल तिच्यावर इतका खूश झाला की त्याने तिला मुलगी मानलं.

अर्धा मिलिमीटर

आता ऑलिंपिकची दहा मीटर एअर रायफल. निशाणाच्या मध्यावरचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे छर्रा ठिपक्याच्या नऊपट रुंद. अचूक मधोमध गेला तर १०.९ गुण. पात्रता फेरीत असे ६० बार, सव्वा तासात. तेवढा वेळ श्वास, नाडी आणि बोट एका लयीत ठेवायचं! आपल्या सुमा शिरूरने २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये शेवटचा छर्रा १०.८ चा मारून भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आणलं.

पॅरिस २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो जगभर फिरला. साधा टी-शर्ट, साधा चष्मा, डावा हात खिशात. आणि जिंकलं रौप्य. पण खिशातला तो हात ऐटीचा नव्हताच. पिस्तूल एका हाताने धरायचं असतं आणि मोकळा हात लोंबकळत राहिला की सगळं अंग हलतं, म्हणून बहुतेक पिस्तूल नेमबाज तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात.

त्याच पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी प्रत्यक्षात झाली शातोरू या गावी, आणि तिथे १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, हातात तीच पॉइंट टू-टू. स्वप्निल तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कुस्तीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं होतं आणि राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. तालमींच्या गावाने नेमबाजीतही असा झेंडा लावावा, याचा अभिमान कोल्हापूरकरांनी मिरवलाच पाहिजे!

गावच्या गाव रेंजवर

स्वित्झर्लंडमध्ये दर वर्षी ‘फेल्डशीसेन’ भरतो. जगातला सगळ्यात मोठा नेमबाजीचा उत्सव म्हणून त्याची ख्याती आहे आणि त्यात लाखाहून जास्त माणसं नेम धरतात. आजी-आजोबा, शेतकरी, बँकेतले कारकून, सगळे. प्रत्येकाला १८ गोळ्या, प्रवेश फुकट. झुरिकमध्ये सप्टेंबरात १३ ते १७ वर्षांच्या मुलांची वेगळी स्पर्धा असते, सोबत भली मोठी जत्रा. मुलींना तिथे १९९१ पासून प्रवेश मिळाला.

आपल्या देशात असं चित्र बघायचं तर कर्नाटकातलं कोडगू गाठावं. तिथल्या कोडवा समाजाच्या कैलपोढ सणाला शस्त्रांची पूजा होते आणि मग उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरायची स्पर्धा लागते. नारळ फुटला की पाणी खाली सांडतं आणि एकच जल्लोष होतो. बंदूक बाळगायला परवान्याची सक्ती कोडवांना नाही. ही सवलत ब्रिटिशांच्या काळापासून चालत आली आहे.

धूर, मेण आणि लाकडी हरीण

ठासणीच्या बंदुकीचे शौकीन जगभर आहेत. दारू मोजा, नळीत ओता, गोळी ठासा, टोपी लावा आणि मग एकच बार. त्यानंतर पांढऱ्या धुराचा लोट आणि गंधकाचा वास. मिनिटाला दोन बार झाले तरी खूप. जपानमध्ये १५४३ ला पोर्तुगीजांकडून तोड्याची बंदूक आली, आणि तिथल्या उत्सवांत आजही चिलखत घातलेली माणसं तिचे बार काढतात.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तर पिस्तुलांचं द्वंद्वयुद्ध प्रात्यक्षिक म्हणून झालं. माणसं समोरासमोर, तोंडाला जाड मुखवटा, अंगावर जाड कोट आणि पिस्तुलात मेणाच्या गोळ्या!

त्याच लंडनमध्ये स्वीडनचा ऑस्कर स्वान वयाच्या साठाव्या वर्षी ‘धावतं हरीण’ या प्रकारात सुवर्ण जिंकला. हरीण खरं नव्हे, रुळावरून सरकणारी आकृती. १९२० ला अँटवर्पमध्ये त्याने सांघिक रौप्य मिळवलं तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. नेमबाजीत त्याच्याएवढ्या वयाचा पदकविजेता ऑलिंपिकने पुन्हा पाहिलेला नाही. संघात शेजारी होता त्याचा मुलगा आल्फ्रेड, ज्याच्या नावावर शेवटी एकूण ९ ऑलिंपिक पदकं लागली.